रंगाचं मी सांगितलंच नाही

बायकोच्या मणक्याला टीबी झाला तेव्हा डॉक्टरांनी दीड वर्षाच्या गोळ्या लिहून दिल्या. ती बाहेर बाकावर आडवी झाली होती, म्हणून सगळं मलाच ऐकवलं. एका दिवसाचाही खाडा नको. आणि त्यातल्या एका गोळीनं डोळ्यांना अपाय होऊ शकतो. अंधुक दिसलं, लाल-हिरव्यात गल्लत व्हायला लागली, तर लगेच या.

बाहेर येऊन मी तिला पहिली गोष्ट सांगितली, दुसरी गिळली. ती आधीच गोळ्यांना भ्यायची; डोळ्यांचं ऐकलं असतं तर पाकीट ओढ्यात फेकून दिलं असतं, असं मला वाटलं. माझा स्वभावच असा, दुसऱ्याच्या वतीनं ठरवून मोकळं होणारा.

रोज सकाळी पाण्याचा तांब्या घेऊन मी तिच्यासमोर उभा राहायचो. गोळ्या पोटात गेल्याशिवाय हलायचो नाही. शेजारी म्हणायचे, "भाऊ, बायकोला जपावं तर तुमीच." मला ते आवडायचं.

आठव्या महिन्यापर्यंत पाठ बरीच सुधारली. ती पुन्हा टोमॅटोच्या ढिगाशी येऊन बसायला लागली. आमच्याकडे निवड तिचीच. लांब जाणारा कच्चा माल एका क्रेटमध्ये, जवळच्या बाजाराचा लाल दुसऱ्यात. बोलता बोलता हात चालायचा, पण नजर चुकायची नाही. एकदा तिनं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या बाजूला बघत विचारलं, "आज धुकं लई पडलंय का वो? त्या अँटेना दिसंनात." ऊन लख्ख पडलं होतं.

"झोप झाली नाय तुझी," मी म्हणालो.

त्याच आठवड्यात नारायणगावच्या बाजारात व्यापाऱ्यानं माझा क्रेट चारचौघांत पालथा केला. आतून हिरवे निघाले. "वर लाल अन् मधी कच्चं? तुमच्याकडनं ही अपेक्षा नव्हती राव." मी जन्मात कधी मापात पाप केलं नव्हतं. मान खाली घालून घरी आलो आणि सगळा राग तिच्यावर काढला. उचलली जीभ लावली टाळ्याला. "डोळं फुटलं का तुझं?" असं म्हणालो.

ती रडली नाही. ढिगातले दोन टोमॅटो उचलून तिनं माझ्यापुढे धरले. "यातला लाल कंचा, तुमीच सांगा. मला दोनी सारकंच दिसत्यात."

तेव्हा डॉक्टरांचं बोलणं मला आठवलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांची चित्रं तिच्यासमोर धरली. त्यातला एकही आकडा तिला ओळखता आला नाही. ती गोळी तिथंच बंद झाली. "सुरुवातीलाच बजावलं होतं ना मी?" त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "यांनी सांगितलं आसंल वो. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं नसंल."

मी गप्प बसलो. आधी लपवलं त्याहून या गप्प बसण्याची मला जास्त लाज वाटते.

अंधुकपणा हळूहळू गेला. अँटेना दिसतात, पाठही बरी आहे. लाल-हिरवं मात्र परत आलं नाही. ती अजूनही निवडीला बसते, अंगठ्यानं दाबून बघते, आणि खात्री नसली की टोमॅटो माझ्याकडे करते. "ह्यो लाल ना वो?"

मी सांगतो तसं ती क्रेटमध्ये टाकते. दुसऱ्या कुणाला एकदाही विचारून बघत नाही.