सेटिंगले नजर लागते

छतावर पोचले की बाबूजींचं पहिलं काम ठरलेलं असे. उजव्या हाताचा पंजा हवेत उभा धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "चूप. अगोदर आयकू तर दे."

आता तुम्ही म्हणाल, इंटरनेटचा सिग्नल काय कानाने ऐकू येतो? मीही पहिल्या दिवशी हेच म्हटलं होतं. मी नागपूरजवळच्या सौंसरला वायरलेस इंटरनेटचा धंदा करतो. आमच्याकडे एका उंच टॉवरवर एक मशीन असते आणि गिऱ्हाइकाच्या छतावर ताटलीएवढी दुसरी. मधे तार नाही, नुसती हवा. त्या हवेतून जे काही जातं ते कानाला ऐकू येत असतं, तर मी आतापर्यंत ठार वेडा झालो असतो. हे मी बाबूजींना सांगितलं. त्यांनी एकच डोळा उघडला.

"मशीनले चूप नाही लागत रे. तुमाले लागते. गडबडीत माणूस दुसऱ्याचंच नाव घेते."

बाबूजी सरकारी वायरलेसच्या नोकरीतून रिटायर होऊन सौंसरला परतले होते. जन्मभर हवेत कोण कुठून बोलतंय हे शोधण्याचं काम केलं, ते रिटायर होऊन सुटतं थोडंच! गुडघ्याला पट्टा, भाजीच्या पिशवीत मेथीच्या जुडीखाली लॅपटॉप, आणि हातात छत्रीच्या दांड्याला बांधलेला अँटेना. भर उन्हात बिनकापडाची छत्री घेऊन फिरणारा हा म्हातारा पाहून नवीन माणूस थबकायचा. छत्री फिरवली की लॅपटॉपवर गवतासारख्या रेघा उठत. जिथे गवत उंच, तिथे कोणीतरी जोरात ओरडतंय, एवढं सोपं त्यांचं शास्त्र होतं.

एकदा बाजारातल्या एका मिठाईवाल्याचं नेट सारखं अडायला लागलं. तो समोरच्या मोबाइलवाल्याच्या नावाने शिव्या घालत होता. बाबूजींनी त्याला चूप केलं, मग बाजार चूप केला, आणि छत्री धरून निघाले. मागे आम्ही दहा-बारा रिकामटेकडे. छत्री मोबाइलवाल्याचं दुकान ओलांडून गेली, वळली आणि सरळ मिठाईवाल्याच्याच गल्ल्यावर येऊन थांबली. वर एक जुना वायरलेस कॅमेरा होता. गल्ल्यावर बसणाऱ्या सख्ख्या भावावर नजर ठेवायला यानेच तो लपवून लावला होता. भाऊ तिथेच उभा. मग जे झालं ते बाजाराने फुकटात पाहिलं. बाबूजींनी पिशवीतली मेथी नीट केली आणि म्हणाले, "माहं काम झालं. आता तुमचं चालू द्या."

आमच्या धंद्यातली हवा कोणाच्या मालकीची नसते, हे सांगायला हवं. सरकारने हवेतला एक पट्टा सगळ्यांसाठी मोकळा सोडलाय. लायसन्स नको, काही नको. फक्त ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठ्याने बोलायचं नाही. पण मोकळी जागा दिसली की आपली माणसं काय करतात ते तुम्हाला ठाऊक आहे. बसमध्ये रुमाल टाकतात. आम्ही हवेत टाकतो. शेजाऱ्याचा सिग्नल आडवा आला की आपली पॉवर वाढवायची. मग तो वाढवतो, मग पुन्हा आपण. शेवटी सगळ्यांच्या मशीन फुल्ल आणि नेट कोणाचंच चालत नाही. "पण माही मशीन अगोदर लागली होती," असं कोणी म्हटलं की बाबूजी लगेच विचारत, "हवा काय तुह्या सासऱ्यानं आंदनात देल्ली काय?"

हे ते सगळ्यांनाच विचारत. मला मात्र जिव्हारी लागे, कारण माझं अख्खं भांडणच सासऱ्याच्या छतावर होतं.

माझी सासुरवाडी मोहगावची. सासरे वारले, घरी सासूबाई एकट्या. घर टेकाडावर, छतावरून सगळं मोहगाव ताटात वाढल्यासारखं दिसतं. मी तिथे खांब रोवला आणि मोहगावात कनेक्शनं दिली. धंद्यातली अर्धी गिऱ्हाइकं तिथलीच. संत्र्याचे व्यापारी, ऑनलाइन फॉर्म भरणारी दुकानं, कॉलेजची पोरं. सगळं बढिया चाललं होतं. तेवढ्यात माझ्या पांढुर्ण्याच्या साडूने, म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, माझंच पाहून हाच धंदा सुरू केला आणि त्याच छतावर, माझ्या खांबापासून दोन हातांवर, आपला खांब ठोकला. मी सासूबाईंना बोलून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मले दोन्ही जवाई सारखे." सारखे असणारच. दोघांनीही त्यांना फुकट कनेक्शन दिलं होतं. एकावर त्या टीव्ही पाहत, दुसऱ्यावर फोन.

झालं! त्याने पॉवर वाढवली, मी वाढवली. संध्याकाळ झाली की मोहगावचं नेट गचकलंच. लोक मला फोन करून अशा शब्दांत विचारपूस करत की ते इथे लिहिता येत नाहीत. मोहगाव हातचं गेलं असतं, तर मला शटर ओढून संत्र्याच्या पेट्या ठोकायला जावं लागलं असतं. घरी तर त्याहून वाईट. साडूचं आणि माझं बोलणं बंद. दोघी बहिणी शनिवारी जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला जातो म्हणून निघत आणि तिथे चोरून भेटत. सणाला सासूबाई जावयांच्या दोन पंगती वाढत. एक उठल्याशिवाय दुसरा घरात पाय ठेवत नसे. आधी बसणारा मी, एवढंच काय ते समाधान.

शेवटी मी बाबूजींना मोहगावला नेलं. म्हटलं, "बाबूजी, माझी पॉवर अशी वाढवा, की साडूची मशीन आंधळी झाली पाहिजे."

त्यांनी पंजा उभा केला. "चूप." बराच वेळ छत्री इकडे तिकडे फिरवली. मग म्हणाले, "पासवर्ड टाक. मी तोंड फिरवतो." तोंड फिरवून पुढे म्हणतात, "बायकोचंच नाव असंन. साऱ्या तहसीलीचे पासवर्ड बायकोच्या नावाचे. घरी मात्र तिचं कोणी आयकत नाही."

मी पासवर्ड टाकला. अर्थातच तोच होता. मग त्यांनी मला माझा खांब उपटून पाण्याच्या टाकीच्या पलीकडे रोवायला लावला.

"काहून पण?"

"पान्याजवळ मशीन थंडी राहते."

मी रोवेपर्यंत ते लॅपटॉपवर काहीतरी करत बसले. खाली उतरून स्वयंपाकघरात सासूबाईंशी चहा पीत बराच वेळ बोलले. निघताना मी विचारलं, "केली ना फुल्ल?"

"फुल्ल. आता तुह्या साडूची खैर नाही." मग आवाज एकदम खाली आणून म्हणाले, "फक्त उघडून पाहू नोको. सेटिंगले नजर लागते."

हसा, खुशाल हसा. मी इंटरनेटचा धंदा करणारा माणूस, आणि दुसऱ्या दिवशी जाऊन त्या खांबाला लिंबू-मिरची बांधून आलो.

पण पुढच्याच आठवड्यात नेट असं चालायला लागलं की विचारू नका. संध्याकाळचे फोन बंद झाले. साडूची चांगलीच जिरली असणार या आनंदात मी संत्र्याची एक पेटी घेऊन बाबूजींच्या घरी गेलो. ओसरीवर अगोदरच एक पेटी उघडी पडलेली.

"ही कोणी देल्ली?"

"असाच एक आला होता, तुह्यासारखा," ते एक फोड तोंडात टाकत म्हणाले. "तुह्यापेक्षा गोड हायेत."

दोन वर्षं मोहगावात मी छाती काढून फिरलो. नवीन असं एकच दिसे. सासूबाईंना टाकीचं वेड लागलं होतं. घरात बाई एकटी, पाणी ते किती लागणार? पण सकाळ-संध्याकाळ मोटर चालू. आम्ही गेलो की पहिला प्रश्न, "वर जाऊन पाहा बरं जवाईबापू, टाकी भरली काय?" मी म्हणायचो, वय झालं.

मागच्या वर्षी संत्र्याच्या आंबिया बहाराच्या तोडणीत बाबूजी गेले. सकाळी चहा घेतला, भाजी आणायला पिशवी उचलली आणि ओसरीवरच बसले ते बसले. मैतीला सारं गाव होतं. साडूही पांढुर्ण्याहून आला होता. एका कोपऱ्यात तो, दुसऱ्या कोपऱ्यात मी. तो ढसाढसा रडत होता. मला वाटलं, याचा काय संबंध? नाटकी माणूस! खरं सांगतो, त्या दिवशीही मी असाच विचार केला.

मे महिन्यात सासूबाईंचं नागपूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सोबत दोन्ही लेकी. मोहगावच्या घराला कुलूप, एकेक किल्ली दोन्ही जावयांकडे. आणि चौथ्या दिवसापासून नेट गचकायला लागलं. पुन्हा तेच फोन, तीच विचारपूस. मी किल्ली घेऊन मोहगाव गाठलं आणि तणतणत छतावर चढलो, तर टाकीच्या अलीकडे साडू आपल्या खांबापाशी उभा. त्याच्या खांबाकडे मी दोन वर्षांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं; त्यालाही लिंबू-मिरची बांधलेली.

"तूच पॉवर वाढवली असशीन," मी ओरडलो.

"मी? साडूभाऊ, दोन वर्षं मी हात नाही लावला. बाबूजीनं फुल्ल करून देल्ली होती आणि सांगतलं होतं, उघडून पाहू नोको."

"बाबूजीनं? तुले?"

"हौ. काहून, तुमाले बी?"

मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे. मग दोघांनीही लॅपटॉप काढले आणि छतावरच मांडी घातली.

माझ्या मशीनची पॉवर सगळ्यात खाली होती. त्याहून खाली आकडाच नाही. त्याचीही तेवढीच. मोहगावच्या हवेत त्या वेळी दोनच चॅनेल स्वच्छ होते, तेही शेजारीशेजारी, एकाचा कल्ला दुसऱ्यात झिरपेल इतके जवळ. एक मला दिला होता, एक त्याला. प्रत्येक मशीनला एक नाव देता येतं. माझ्या मशीनला मी माझ्या दुकानाचं नाव दिलं होतं. ते पुसून तिथे इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, 'हळू बोल'. मी साडूच्या लॅपटॉपमध्ये डोकावलो. त्याच्या मशीनचं नाव होतं, 'आयकू येते'.

साडूला आधी हसू फुटलं. मग मला. दोन वर्षं ज्याची जिरवली म्हणून मी मिरवलो, बाबूजींना पेटी दिली, तोही माझी जिरवली म्हणून तशीच पेटी देऊन मिरवत होता. हसता हसता मला रडू कधी आलं ते समजलं नाही. त्या म्हाताऱ्याला एकदा भेटून चार शिव्या घालाव्यात आणि पाय धरावेत असं वाटलं, आणि तो तर नव्हताच.

पण नेट का बिघडलं ते अजून कळत नव्हतं. तेवढ्यात नागपूरहून सासूबाईंचा फोन. डोळ्याला पट्टी, तरी चैन नाही. "जवाईबापू, मोहगावले गेले असान तर टाकी पाहा बरं. भरून ठेवा."

"आई, घरी कोणी नाही. टाकी कोनासाठी भरायची?"

"मशीनीसाठी," त्या म्हणाल्या, जशी काही मीच अडाणी. "बाबूजीनं बजावलं होतं मले. दोघांच्या मधात पानी असलं की एकाचा कल्ला दुसऱ्याले आयकू जात नाही. टाकी रिकामी झाली की पुन्हा भांडतीन म्हने." आणि म्हणाल्या, "म्हने, दोघंही पोरं चांगले हायेत बाई, फक्त आवाज मोठा हाये."

साडू मान खाली घालून ऐकत होता. फोन स्पीकरवर होता हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी टाकीवर टिचकी मारली. ठणठण रिकामी; बुडाशी बारीक चीर होती, पाणी झिरपून गेलं होतं. साडू खाली धावला, मोटर चालू केली. पाणी चढू लागलं तसतसे लॅपटॉपवरचे दोघांचेही आकडे सुधारू लागले. पॉवरला आम्ही हात लावला नाही. नावं तर तशीच ठेवली, आजही तीच आहेत. साडूने पिशवीतून भाकरी काढली. छतावर एकाच फडक्यावर आम्ही जेवायला बसलो. किती वर्षांनी, ते मोजायची लाज वाटली.

जेवता जेवता मी काहीतरी बोलायला गेलो. बहुधा खांब पहिला माझाच होता, असंच काहीतरी. साडूने उजव्या हाताचा पंजा उभा धरला, डोळे मिटले.

"चूप," तो म्हणाला. "आयकू तर दे."

मी चूप बसलो. टाकी भरून वाहू लागली, पाणी पन्हळीतून खाली अंगणात पडू लागलं, तरी मोटर बंद करायला दोघांपैकी कोणी उठलं नाही.