वैशाखातली भाऊबीज

सकाळी सातला कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो आणि नाशिकपासूनचा सगळा शीण पळाला. आयुष्यात पहिल्यांदा कोल्हापूर! रिक्षावाल्यानं विचारलं, "पावणं, मिसळ खाल्लीसा का न्हाय अजून?" नाही म्हटल्यावर त्यानं मला राजारामपुरीतल्या एका टपरीवर नेऊनच बसवलं. पहिल्या घासाला नाकाडोळ्यांतून पाणी! तरी दोनदा कट (तर्रीदार रस्सा) मागून घेतला.

शिबिर पन्हाळ्याच्या वाटेवरच्या एका शाळेत होतं. आई-वडील गमावलेली, नाहीतर त्यांच्यापासून दुरावलेली चाळीस मुलं, आठ दिवस, आणि खेळ घ्यायला मी. पोरांनी पहिल्याच तासात माझा घाम काढला.

नृसिंहवाडीची अकरा वर्षांची शिवलीला मात्र फाटकाशीच उभी. "बसू यायचा हाय," एवढंच म्हणायची. बसू तिचा सात वर्षांचा भाऊ. आई-वडील अपघातात गेल्यावर ती आत्तीकडे (आत्याकडे) राहिली, तो कबनूरला मामाकडे. पोरं कुणी ठेवायची यावरून दोन्ही घरांचं फाटलं आणि दिवाळीची भाऊबीजही हुकली.

"हितं ओवाळनार हाय मी त्याला," ती म्हणाली. आणि मामानं तर पोराला धाडणार नाही, असा ऐनवेळी फोन केलेला!

मला कुठं राहवतंय! शिबिराच्या बाईंना विचारून दुसऱ्या दिवशी इचलकरंजीची एसटी पकडली. कबनूरला घराघरांत यंत्रमागांचा खडखडाट. बोलायचं ते ओरडूनच.

"त्या घरची मान्सं नजरंसमोर नकोत मला!" मामा ओरडले.

"तुम्ही नका बघू की! त्याला बहिणीला बघू द्या!" मीही ओरडलो. परक्या घरात, पहिल्याच भेटीत! आता हाकलतात, असंच वाटलं.

त्यांनी माग बंद केला. कोपऱ्यात कांड्यांशी (सुताच्या नळ्यांशी) खेळणारा बसू उठून उभा राहिला. "अक्का आलीया?"

मामांनी घाम पुसला. "चप्पल घाल," म्हणाले.

संध्याकाळी आम्ही फाटकात शिरलो तर शिवलीला धावतच आली. बसू लाजून माझ्यामागं लपला. "किती वाढलाईस रं!" म्हणाली आणि रडायलाच लागली. स्वयंपाकघरातलं ताट, कणकेचा दिवा. वाऱ्यानं तो तीनदा विझवला. शेवटी सगळ्या पोरांनी कोंडाळं केलं, तेव्हा टिकला. बसूनं खिशातली लाल सुताची कांडी ओवाळणीत टाकली आणि काय आरोळ्या उठल्या म्हणून सांगू! मग सात जणींनी मलाही पाटावर ओढलं. कपाळभर कुंकू झालं.

शेवटच्या दिवशी आत्ती आणि मामा पोरांना न्यायला आले. फाटकाच्या दोन टोकांना, तोंडं फिरवून उभे. मध्ये ही दोघं, एकमेकांचा हात सोडेनात.

आत्तीच पुढं झाल्या. "दिवाळीला पोराला घिऊन या वाडीला."

"येतो की," मामा जमिनीकडं बघत म्हणाले.

"आनि जेवल्याबिगर जायचं न्हाय!" आत्ती डाफरल्याच.

नाशिकला उतरलो आणि घरी न जाता तसाच धुळ्याच्या फलाटाकडे वळलो. धाकट्या बहिणीकडे तीन दिवाळ्या गेलो नव्हतो. मला तर कुणी अडवलंही नव्हतं.