शनिवारची चादर

रूथ, नोएल, तुमचे आजोबा गेले त्याला आता दोन महिने होत आले. इतक्यात मी काही लिहिणार नव्हते. पण गेल्या शनिवारी नोएलने फोनवर विचारलं, "आजी, टेबल झाकलंस का?" आणि मी एकदम तिकडच्या थंडीची चौकशी करायला लागले. ते उत्तर राहून गेलं, म्हणून हे लिहिते आहे.

सुट्टीत आलात तेव्हा तुम्ही दोघांनी टेबल झाकायच्या त्या चादरीचं एकेक टोक धरलेलं आहे. पण ती कुठून आली ते तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. घोटीला आजोबांची आई शनिवारी दिवेलागणीला जातं झाकून ठेवायची. रविवारचं पीठ आधीच दळलेलं असे. देवाने सातव्या दिवशी हात थांबवले, मग आपण कोण लागून गेलो, असं ती म्हणे. जातं तिथेच राहिलं, पण तिची क्रोशाची लेस लावलेली पांढरी चादर आजोबांबरोबर नाशिकला आली आणि दर शनिवारी माझ्या कामाच्या टेबलावर पडू लागली. मी तेव्हा शाळेत इंग्रजी शिकवत होते. नव्वदच्या दशकातल्या एका शनिवारी टेबलावर दहावीच्या पेपरांचा गठ्ठा होता, आणि आजोबा चादर घेऊन उभे.

"अहो, निम्मे पेपर राहिलेत! सोमवारी द्यायचेत."

"राहू देत. सोमवारी पहाटे मला उठव, मी बेरजा करून देतो."

"त्यापेक्षा तुमच्या देवालाच सांगा तपासायला."

"नको गं बाई. त्याने तपासले तर एकही पोरगं पास व्हायचं नाही."

मला हसू आलं, आणि हसता हसता मी चादरीचं दुसरं टोक धरलं. तेव्हापासून ते काम दोघांचं झालं.

रविवारी चर्चहून आलो की आदल्या दिवशीचं कालवण गरम करून जेवायचं आणि मग व्हरांड्यात दोन खुर्च्या. वाचन नाही, रेडिओ नाही. तुमचे बाबा परदेशी गेले, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी ती शांतता मला सोसेना. मी विचारलं, "प्रार्थना करताय का?" म्हणाले, "नाही, नुसता बसलोय." मग बऱ्याच वेळाने... "तोही बसलाय." तो म्हणजे देव. घर रिकामं झालं होतं, तरी त्या दुपारी मला एकटं वाटलं नाही.

इस्पितळात शेवटच्या शनिवारी त्यांना सारखी धाप लागत होती. तरी म्हणाले, "घरी जा. झाकून ये." मी रिक्षाने आले, चादर घातली, परत जाऊन "झाकलं" म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे मिटले. सोमवारी सकाळी, चादर काढायच्या वेळेला, ते गेले. भेटायला आलेल्यांच्या चहाचे कप कुणीतरी तिच्यावरच ठेवले. नंतर शेजारच्या मालतीबाईंनी ती धुऊन कपाटात ठेवली.

तेव्हापासून मी रविवारीही टेबलाशी बसत होते. बिलं लावायची, फोटो क्रमाने लावायचे... हात थांबले की घर अंगावर येई. विसावा हा शब्द मी जन्मभर चर्चमध्ये ऐकला. पण मिळाला तो आजोबांच्या शेजारी बसून. तो माझाही होता, की नुसता त्यांचाच, हेच मला कळेना.

नोएलचा फोन ठेवला आणि कपाट उघडलं. एकटीने ती चादर पसरायची म्हणजे या टोकाला ओढली की त्या टोकाला तिरकी होते. तिरकीच राहू दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यात बसले. खरं सांगते, फार शांत वगैरे वाटलं नाही. उठून काहीतरी करावं असं सारखं वाटत होतं. फाटकाशी मालतीबाई थांबल्या.

"बाई, एकट्याच बसल्यात? चला ना आमच्याकडं, टीव्ही लावलाय."

"नको, मी नुसती बसलेय."

त्यांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि गेल्या. मी ऊन उतरेपर्यंत बसून राहिले.

तर नोएल, हो, झाकलं. आजोबा नाहीत. चादर आहे, तिच्यावर चहाचा एक डाग आहे, आणि शनिवारी दिवेलागणीला ती टेबलावर पडते.