चोरखिशातल्या साखरेच्या पुड्या

आमच्या ह्यांच्या सगळ्या हाफपँटींना आतल्या बाजूने मी एकेक चोरखिसा शिवलाय. चेनवाला. मशीन माझं जुनं, पायाने चालवायचं, जाड कापडावर अडखळतं, म्हणून चेन कुठेकुठे वाकडी गेलीय, पण खिसा पक्का आहे. त्यात किल्लीला लावतात तसली बारकी टॉर्च असते, एक शिटी असते, एकदोन सेफ्टी पिना. आणि साखरेच्या तीन पुड्या. पूर्वी वाणी बांधून द्यायचा तशा, कागद दुमडून, टोक आत खोचलेल्या. कागद मी मागच्या वर्षीच्या कॅलेंडरचा घेते. गुळगुळीत असतो, घामाने भिजत नाही.

सोसायटीतल्या बायका हसतात. एक तर मला गेटवर थांबवून म्हणाली, "काकू, काका आहेत की जनरल स्टोअर?" मी पण हसले. सांगत बसले नाही.

ह्यांना डायबेटिस आहे, इंजेक्शनवाला. साखर वाढली की काय होतं ते आता सगळ्यांना माहीत असतं, व्हॉट्सॲपवर रोज कुणीतरी पाठवतंच. पण साखर उतरण्याची भीती ज्याच्या घरात असते त्यालाच ठाऊक. वाढलेली साखर माणसाला सावकाश खाते. उतरलेली बसल्या जागी घेऊन जाते. पूर्वी ह्यांना स्वतःला कळायचं. हात थरथरायला लागले की म्हणायचे, "अगं, दे काहीतरी." मग हळूहळू ते कळायचंच बंद झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकू, जुन्या पेशंटना होतं असं. शरीर सांगायचं सोडून देतं. आता लक्ष तुम्ही ठेवायचं." म्हणजे बघा, ह्यांच्या शरीराने राजीनामा दिला आणि चार्ज मला दिला. मला विचारलंसुद्धा नाही.

लक्ष ठेवायचं म्हणजे कसं? चोवीस तास तोंडाकडे बघत बसू? मला स्वयंपाक आहे, आंघोळ आहे. मग मी माझी एक युक्ती काढली. पाढे. आमचे हे पाढ्यात पक्के, अजून. मी बाथरूममधून ओरडायचं, "तेरा सत्ते?" बाहेरून यायला पाहिजे, "एक्याण्णव." पोळ्या लाटताना ओरडायचं, "सोळा सत्ते?" की लगेच, "बारोदरसे," म्हणजे जुन्या पाढ्यातलं एकशे बारा. उत्तराला वेळ लागला की लाटणं टाकून धावायचं. शेजारच्यांना वाटत असेल म्हातारा-म्हातारी परीक्षेला बसणार आहेत. पण त्या एका उत्तरावर माझा श्वास चालायचा. बारोदरसे ऐकलं की पुढची पोळी.

ह्यांना त्या खिशाचा मात्र राग. तळोज्याला एका केमिकल कंपनीत ह्यांची नोकरी झाली. तिथे आत जाताना गेटवर झडती. काडेपेटी, लायटर, विडी, पुढे पुढे मोबाईल, सगळं बाहेर काढून ठेवायचं, हात वर करून उभं राहायचं, मग आत. आत ठिणगी पडली तर काय होईल ते ह्यांना चांगलं माहीत होतं, म्हणून तक्रार कधी केली नाही. पण मला म्हणायचे, "अख्खी नोकरी खिसे उलटे करण्यात गेली आणि आता तू भरायला लागलीस." मी म्हणायचे, "तिथे खिसा रिकामा म्हणून जगलात, इथे भरलेला म्हणून जगाल. गप हात वर करा." आणि रोज सकाळी दाराशी ते हात वर करून उभे राहायचे आणि मी चोरखिसा वरून दाबून बघायचे. पुडी बोटाखाली कुरकुरली की माझं समाधान.

त्या दिवशीही दाबून बघितल्या होत्या. कुरकुरल्या होत्या.

दुपारची गोष्ट. भात झाला होता, आमटीला उकळी होती. ह्यांनी जेवणाआधीचं इंजेक्शन घेतलं. आणि बघते तर कोथिंबीर नाही. खाली भाजीची गाडी उभी होती, तिचा आवाज येत होता. हे म्हणाले, "मी आणतो." एकट्याला तर मी सोडत नाही. गॅस बंद केला, पायात चपला सरकवल्या, दोघं गेलो. मोबाईल दोन्ही सोफ्यावर. पाच मिनिटांचं काम, कोण कशाला घेतंय?

कोथिंबीर घेतली. भाजीवाल्याने वर चार मिरच्या टाकल्या. लिफ्टमध्ये शिरलो. आमची बिल्डिंग जुनी, लिफ्टला अजून जाळीचाच दरवाजा आहे, हाताने ओढायचा. पाचव्याचं बटण दाबलं. दुसरा मजला गेला, आणि खाडकन अंधार. वीज गेली. लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये लटकली. समोर भिंत, आणि वर, माझ्या कपाळाच्या उंचीला, तिसऱ्या मजल्याच्या जाळीची हातभर फट. तिथून काय तो थोडा उजेड.

पहिल्यांदा मी घाबरले नाही हो. वीज जाते, येते. बेल दाबली, वाजली नाही. वाजणार कशी? लिफ्टची बॅटरी बिघडल्याचा कागद नोटीस बोर्डावर लावलेलाच होता, पुढच्या मीटिंगला विषय घेणार होते. मी हाका मारल्या. "अहो, कोणी आहे का? लिफ्ट अडकलीय!" दुपारची वेळ. निम्मी बिल्डिंग ऐरोलीला नाहीतर मुंबईला कामावर. आमचा मुलगाही ऐरोलीलाच. उरलेले दोन-दोन दारं लावून झोपलेले. वॉचमन जेवायला गेलेला असणार.

हाका मारण्यात बराच वेळ गेला, आणि मग मला इंजेक्शन आठवलं; ते घेऊन लगेच जेवलं नाही की साखर उतरते.

"सतरा पंचे?" मी विचारलं.

हे जाळीकडेच बघत होते.

"अहो, सतरा पंचे किती?"

"सतरा," हे म्हणाले. आणि हसले. ते हसणं मला माहीत आहे. लहान मूल झोपेत हसतं तसं. हात लावला तर सदरा घामाने चिंब.

मी म्हटलं, "पुडी काढा. चोरखिशातली पुडी काढा, चला."

आणि ह्यांनी काय केलं असेल? ती जाळी बघितली, आणि ह्यांना वाटलं कंपनीचं गेट. सरळ उभे राहिले. एकेक वस्तू काढून माझ्या हातात द्यायला लागले. आधी टॉर्च. मग पिना. मग शिटी. "घ्या साहेब. काडेपेटी नाही. विडी मी ओढतच नाही, विचारा कुणालाही." मग दोन्ही हात वर. एका मुठीत मात्र काहीतरी घट्ट धरलेलं.

"ते काय आहे हातात? द्या बघू."

"काही नाही साहेब."

"अहो, मी आहे! साखर आहे ती, खायची आहे!"

"काही नाही म्हटलं ना!" असे अंगावर ओरडले की मी मागे सरकले. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यावर कधी ओरडला नव्हता. साखर उतरली की माणूस आपला राहत नाही, त्याचा राग धरायचा नाही, हे मला माहीत आहे. पण त्या अंधारात, त्या खोक्यात, मला रडू फुटलं. रडत रडतच मी त्यांची मूठ उघडायला लागले. एक बोट सोडवलं की दुसरं मिटायचे. शेवटी पाय गेले त्यांचे, भिंतीला टेकून खालीच बसले, तेव्हा कुठे मूठ सुटली. तीन पुड्या.

टॉर्च तोंडात धरली. पहिली पुडी उघडली, चिमूट घेऊन ह्यांच्या गालाच्या आतून चोळली. डॉक्टरीणबाईंनी शिकवलेलं, घास द्यायचा नाही, ठसका लागतो, चोळायची. चोळतेय, चोळतेय, विरघळतच नाही. बोटाला तशीच खरखर. मी तेच बोट माझ्या जिभेवर ठेवलं.

रवा.

बारीक रवा, उपम्याचा, माझ्याच डब्यातला. दुसरी पुडी फोडली, रवा. तिसरी, रवा. कागद माझा, घडी माझी, टोकसुद्धा माझ्यासारखं खोचलेलं. ह्यांनी साखर खाऊन टाकली होती आणि मला दाबल्यावर कुरकुर लागावी म्हणून रवा भरून ठेवला होता.

त्या क्षणाला मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. राग नाही. रागाला पण जोर लागतो. मी ओढणीच्या कोपऱ्याने, बोटाने तो रवा त्यांच्या तोंडातून पुसत होते आणि म्हणत होते, "काय केलंत हो, हे काय करून ठेवलंत." त्यांचे डोळे अर्धे मिटलेले. मी जाळी हलवली, चप्पल आपटली, घसा बसेपर्यंत ओरडले. मग शिटी. जीव खाऊन वाजवली. कुणी आलं नाही. का येतील? दिवसभर वॉचमन गाड्या मागे घ्यायला शिट्याच मारत असतो.

मग डोक्यात आलं. सकाळी कचरेवाला येतो तो कशी वाजवतो? एक लांब, दोन तोकड्या. ती ऐकली की आख्खी बिल्डिंग दार उघडते, कारण तो थांबत नाही. मी तशी वाजवली. एक लांब, दोन तोकड्या. परत. परत.

वर कडी वाजली. दार उघडलं. फटीत आधी कचऱ्याची बादली दिसली, मग पैंजण घातलेले पाय. तिसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेली सूनबाई, मी तिच्याशी कधी धड बोललेसुद्धा नव्हते.

"आज दुपारचा पण आलास व्हय? थांब, जाऊ नको, ओला-सुका वेगळा करायचाय अजून."

"अगं बाई, मी आहे! लिफ्टमध्ये! साखर आण, साखर!"

ती वाकली. आधी तिची वेणी खाली लोंबली, मग तोंड दिसलं. "काकू? तुमी हितं काय करताय?"

"नंतर सांगते. काकांची शुगर गेलीय खाली. साखर आण, पाणी घाल थोडं, घट्ट ठेव. पळ!"

ती बादली तिथेच टाकून पळाली. ती परत येईपर्यंत मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि बडबडत होते, बे एके बे, बे दुणे चार, कारण गप्प बसले तर मला त्यांचा श्वास ऐकावा लागला असता, आणि तो ऐकायची माझी हिंमत नव्हती.

ती आली. पालथी झोपली फरशीवर. वाटी काही जाळीतून जाईना. "अगं, चमचा!" मी म्हटलं. चमचा जातो. तिने जाळीतून हात घातला, मी उभी राहून माझ्या बाजूच्या जाळीतून, मध्ये वीतभर रिकामी जागा, खाली काळोख. पहिला चमचा सांडला. थेंब खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, इतकं खोल. दुसरा अर्धा मिळाला. मी खाली वाकून बोटावर घेऊन गालात चोळला. तिसरा. चौथा. ती वरून विचारतेय, "काकू, जातंय का? गिळतायत का?" आणि मला उत्तर देता येत नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं.

मग ह्यांनी माझं बोट चोखलं. तान्ह्या बाळासारखं.

"गिळलं गं," मी म्हणाले. वर ती रडायलाच लागली. "पोरी, रडू नको, चमचा भर," मी म्हटलं.

बराच वेळ गेला. मग मी भीतभीत विचारलं, "सोळा सत्ते?"

ह्यांनी डोळे उघडले. लिफ्टकडे बघितलं, माझ्याकडे, मांडीवर विस्कटलेल्या कोथिंबिरीकडे. "बारोदरसे," म्हणाले. "अगं, आपण खाली का बसलोय?"

वीज आली तसं मी तिसऱ्याचं बटण दाबलं. सूनबाईने तिच्याच घरात नेऊन बसवलं, गरम भात आणि वरण वाढलं. ह्यांनी निमूट जेवण केलं. घरी आल्यावर मी तीन चुरगळलेले कागद त्यांच्या समोर ठेवले. एवढंच विचारलं, "खाल्लीत ती खाल्लीत. पण रवा का भरलात?"

खूप वेळ ते कागद सरळ करत बसले. मग म्हणाले, "पुडी रिकामी लागली असती तर तुला टेन्शन आलं असतं."

आता ह्या माणसाचं काय करावं? वर्षानुवर्षं फिका चहा मुकाट्याने पितो. सणाला घरभर बासुंदी होते तेव्हा उठून गॅलरीत जाऊन उभा राहतो. चिमूटभर साखर जिभेवर ठेवायला त्याला माझ्याच खिशातून चोरी करावी लागली, आणि चोरी करताना काळजी माझी. मी भांडले नाही. मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. आणि त्या नळाच्या आवाजात पहिल्यांदा मनात आलं, मी आधी गेले तर? मुलगा चांगला आहे, पण तो ऑफिसमधून पाढे कसे विचारणार? ते अजून मनातून जात नाही.

आता मी पुड्या स्वतःच्या कमरेलाही ठेवते. ह्यांच्या खिशातली एकेक पुडी रोज सकाळी उघडून चाखते, परत घडी घालते. ते हात वर करून उभे असतात, तोंड दुसरीकडे करून. आठवड्यातून एकदा, डॉक्टरीणबाईंना विचारून, जेवणात चमचाभर गोड देते. वाटलं होतं, तेवढ्याने भागेल.

काल डबे पुसायला काढले. आता उपमा आमच्याकडे होत नाही, शिरा तर नाहीच. त्या दिवसापासून माझा रव्याच्या डब्याला हातच लागलेला नाही, काठोकाठ होता तो. झाकण उघडलं तर रवा बोटभर खाली. सकाळी चाखल्या तेव्हा तिन्ही पुड्यांत साखरच होती, म्हणजे माझं चाखून झाल्यावर.

मी झाकण लावलं. बाहेर हे चपला घालत होते.

"सतरा पंचे?" मी आतूनच ओरडले.

"पंच्याऐंशी," ते म्हणाले. "येतेस ना?"

"थांबा," मी म्हटलं. "हात वर करा. आलेच."