निकितानं पांढरं घातलं

मारेगावहून वणीकडे कोळशाचे ट्रक धावतात त्या रस्त्याच्या आतल्या अंगाला निकिताची वस्ती आहे. निकिता म्हणजे रुखमाबाईची सून, इंद्रजितची बायको, नयन अन् रजत या दोन लेकरांची आई, अन् वरून बँकेची सखी. सखी म्हणजे काय, तर बँकेनं तिला अंगठा घ्यायचं एक मशीन दिलेलं आहे. ते पिशवीत टाकून ती स्कुटीवर आजूबाजूची गावं फिरते, म्हाताऱ्या माणसांचा अंगठा घेते अन् त्यांचा निराधारचा पगार त्यांच्या हातात ठेवते. काम तसं बसून करायचं. पण सावली म्हाताऱ्यांच्या घरात असते, अन् एका घरून दुसऱ्या घरी जायला मधात ऊनच असतं.

मागच्या मे महिन्यात ती या उन्हानं पडली. स्कुटीवर पुढं चार वर्षांचा रजत उभा होता. डोळ्यापुढं अंधारी आली तसा तिनं ब्रेक दाबला, गाडी कशीबशी लावली, पोराला खाली उतरवलं अन् मग ती तिथंच शेताच्या धुऱ्यावर आडवी झाली. अंगावर कुणाच्या तरी लग्नात मिळालेली चकाकती साडी, आत अस्तर लावलेलं ब्लाऊज, वरून सनकोट, तोंडाला दुपट्टा. म्हणजे चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवून वरून आणखी एक झाकण. रुखमाबाईनं तिच्या तळपायाला कांदा चोळला, कैरीचं पन्हं पाजलं. इंद्रजित वणीला ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला आहे. तो संध्याकाळी आला, पोराला मांडीवर घेऊन बसला अन् हळूच म्हणाला, "यंदा झालं थे झालं. पुढच्या उन्हाळ्यात असं झालं तर मशीन बँकेले वापस."

ओरडला असता तर निकितानं उलट उत्तर दिलं असतं. हळूच म्हणाला, त्याच्याशी भांडणार कसं?

मशीन वापस द्यायचं तिच्या मनात नव्हतं. ते मशीन यायच्या आधी तिला सगळे इंद्रजितची बायको म्हणायचे, नाही तर नयनची मम्मी. आता त्या गावांमधली म्हातारी माणसं तिला नावानं हाक मारतात, अन् दोन दिवस नाही दिसली तर विचारतात.

म्हणून होळी झाली तशी ती कपड्यांच्या मागं लागली.

पहिल्यांदा मोबाईल पाहिला. त्यात एक सडपातळ बाई थंडगार खोलीत उभी राहून सांगत होती, की उन्हाळ्यात आईनं मोजकेच कपडे ठेवावे, सगळे एकमेकांवर जुळणारे, म्हणजे सकाळी डोक्याला ताप नाही. निकिताला हे पटलं. सकाळी तिच्या डोक्याला ताप असतोच, नळ येतो, नयनची शाळा सकाळची, रजतला दूध पाहिजे की चहा याचा निकाल लागत नाही. पण पुढं ती बाई म्हणाली, लिनन घ्या, बेज घ्या. निकितानं नयनला विचारलं, "बेज म्हणजे कोणता रंग वं?"

नयन सहावीत. तिनं मोबाईल डोळ्याजवळ नेला. "पिठल्यासारखा दिसून राह्यला."

"पातळ पिठलं का घट्ट?"

"मम्मी, मले शाळेत जायचं हाय."

मग ती वणीला गेली. दुकानदारानं कॉटन म्हणून एक गठ्ठा काढला. निकितानं हात फिरवला तर ते बोटाला चिकटलं. हे कॉटन नाही म्हणाली. तो म्हणाला, कॉटनच आहे, फक्त त्यात दुसरंही आहे. खरं कॉटन दाखवा म्हटलं तर त्यानं जे काढलं त्याची किंमत ऐकून तिनं ते आपल्या हातानं घडी घालून परत दिलं. बाहेर आली तर समोरून कापसाच्या गाठी भरलेला ट्रक चालला होता. हा एवढा कापूस जातो कुठं, हा विचार करता करता तिची बस चुकली.

घरी येऊन तिनं लोखंडी पेटी उघडली. साड्यांनी भरलेली पेटी, अन् अंगावर घालायला एक नाही. ही मोठ्या नणंदेची, ही मावससासूची, ही कुणाची ते आठवत नाही. सगळ्या झगमग. अन् सगळ्यात तळाशी, कपड्यात बांधून ठेवलेल्या, पांढऱ्या. निळ्या काठाच्या, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेल्या. तिच्या आईनं दिलेल्या. बुद्ध पौर्णिमेला अन् भीमजयंतीला नेसायच्या, एरवी पेटीत. निकितानं त्यातली एक गालाला लावली. गार लागली.

सासूला सांगावं की नाही यात दोन दिवस गेले. सांगितलं असतं तर रुखमाबाई म्हणाली असती, साडीचा कुर्ता काहून करतेस, अन् मग शेजारची आली असती, अन् मग तिची बहीण. म्हणून निकितानं काही न सांगता त्या साड्या मारेगावच्या शिंप्याकडे टाकल्या. त्यानं गुडघ्याखाली येणारे, पूर्ण बाह्यांचे सैल कुर्ते शिवून दिले, दोन्ही बाजूंना मशीनसाठी खोल खिसे. विहारातल्या वंदनेसाठी एक साडी मात्र तिनं ठेवली. तेवढं भान होतं तिला.

जयंती होऊन गेली अन् पुढच्या आठवड्यात ऊन असं तापलं की सकाळीच स्कुटीची सीट पोळायला लागली. निकितानं पांढरा कुर्ता घातला, सनकोट खुंटीवरच ठेवला, ओल्या दुपट्ट्यानं डोकं बांधलं अन् निघाली. रुखमाबाई अंगणात वाळवण घालत होती. तिनं सुनेकडे पाहिलं, तोंड उघडलं, अन् कावळा आला म्हणून त्याच्याकडे वळली.

पहिलं घर शेजारच्या गावातल्या इंदुताईचं. इंदुताई शेतकरीण, एकटी राहणारी, अंगठा उमटत नाही म्हणून दर वेळी मशीनला शिव्या देणारी. तिनं दारातून पांढऱ्या कपड्यातली निकिता पाहिली अन् हातातलं सूप खाली ठेवलं.

"पोरी, इंद्रजित बरा हाय ना?"

"बरा हाय न. वणीले गेला."

"अन् सासू?"

"सासूले काय होते? पापड घालून राह्यली."

"मंग गेलं कोण?"

"कुठं गेलं?"

"थेच तर मी विचारून राह्यली," इंदुताई म्हणाली, अन् तिनं पदरानं डोळे पुसले, कुणी गेलंच असेल तर कमी नको म्हणून.

निकिताला वाटलं, म्हातारीला ऊन लागलं. तिनं तिला पाणी पाजलं, अंगठा घेतला, तो तिसऱ्यांदा उमटला, अन् ती पुढं निघाली. तिथून पुढच्या गावात एक म्हातारा तिला पाहून खाटेवरून उठून उभा राहिला. काहून उभे राहिले, विचारलं तर म्हणाला, माहीत नाही.

आपल्या वस्तीत ती परत आली तेव्हा सूर्य डोक्यावर होता. वस्तीत दाट सावली एकच, विहारासमोरच्या कडुनिंबाची. तिनं स्कुटी तिथं लावली अन् कोपऱ्यातल्या लुळ्या म्हातारबाबांच्या घरात अंगठा घ्यायला शिरली. मशीनला रेंज नव्हती. रेंज येईस्तोवर बसली.

बाहेर आली तर वस्तीतल्या बाया पांढऱ्या साड्या नेसून विहाराकडे चालल्या होत्या. एकीच्या हातात मेणबत्तीचा पुडा, एकीच्या हातात मोगरा. विहाराची किल्ली सांभाळणाऱ्या उकंडाजींनी कुलूप उघडलं होतं अन् ते खराट्यानं पायऱ्या झाडत होते.

निकितानं मनातल्या मनात तारीख मोजली. आज काय आहे? पौर्णिमा नाही. कुणा भन्तेजींचं येणं ठरलं असेल अन् आपणच विसरलो. कामाच्या नादात आपलं हे असंच होतं, मागं नयनच्या शाळेची सभाही अशीच गेली. तरी बरं, अंगावर पांढरंच आहे. तिनं चपला काढल्या अन् गुपचूप मागच्या ओळीत जाऊन बसली.

तिच्या शेजारी रुखमाबाई येऊन बसली. पांढरी साडी, घाम, अन् राग.

"मले घरी सांगता येत नव्हतं? दुसऱ्याच्या तोंडून ऐका लागलं."

"मले तरी कुठं माहीत होतं, आई? मी आत्ता येऊन राह्यली."

"माहीत नव्हतं तर सकाळीच पांढरं घालून कशी गेलतीस?"

निकितानं आपल्या बाहीकडे पाहिलं. तिला वाटलं सासूचं म्हणणं बरोबर आहे, पण कुठंतरी गाठ पडली आहे, अन् ती कुठं आहे ते सापडत नाही.

उकंडाजींनी मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, अन् भिंतीला टेकून बसले. बायाही बसल्या. पंखा फिरत होता. कुणी तरी सुरू करेल म्हणून सगळे वाट पाहत होते. बराच वेळ झाला. शेवटी उकंडाजी खाकरले.

"भन्तेजी कुठवर आले?"

सगळ्या माना दाराकडे वळल्या.

"कोणाले निरोप आलता?"

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. पहिली म्हणाली, मले हिनं सांगितलं. ती म्हणाली, मी तर हिले नेसताना पाहिलं म्हणून नेसली. तिसरीला चौथीनं सांगितलं होतं, अन् चौथी म्हणाली, "मी कायले कोणाले विचारू? निकिताची गाडी विहारासमोर उभी, निकिता पांढऱ्यात. बँकेची बाई हाय, तिले आधी माहीत राह्यते."

सगळा विहार मागं वळून निकिताकडे पाहायला लागला. निकितानंही मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती.

"मले ऊन लागते म्हणून घातलं," ती म्हणाली.

आधी उकंडाजी हसले. त्यांचं हसू दम्याचं, सुरू झालं की थांबत नाही. मग बाया हसल्या, अन् मोगरा आणणारी म्हणाली की स्वयंपाक अर्धा टाकून आली, आता वंदना घेतल्याशिवाय उठत नाही. तेव्हा वंदना घेतली. रुखमाबाई एवढी रागात होती की सगळ्यात मोठ्यानं तीच म्हणत होती.

वंदना झाल्यावर तिनं सुनेच्या कुर्त्याचा काठ बोटात धरला. "तुह्या मायच्या साड्या फाडल्यास."

"शिवल्या."

"फाडल्यावरच शिवते न शिंपी." मग तिनं निकिताच्या कपाळाला हात लावला, मानेला लावला. मान ओली होती, पण तापलेली नव्हती. "सकाळपासून उन्हात होतीस?"

"हो."

"चक्कर?"

"नाही आली."

रुखमाबाईनं हात बराच वेळ तिथंच ठेवला. राग तर अजून संपला नव्हता.

तेवढ्यात एका म्हातारीनं विचारलं, "निकिता, मशीन हाय का वं? सगळे इथंच हावो, तर माहा अंगठा इथंच घे." उकंडाजी म्हणाले, विहारात पैशाचं काम नाही, बाहेर निंबाखाली करा. म्हणून निंबाखाली सतरंजी पडली. बाया घरी जाऊन आधार कार्ड घेऊन आल्या, अन् वस्तीतले बहुतेक अंगठे त्या दुपारी एका जागी बसून झाले. निकिताला घरोघर उन्हात फिरावंच लागलं नाही.

संध्याकाळी इंद्रजितचा फोन आला. रुखमाबाईनंच उचलला. "नाही पडली. मशीन राहू दे तिच्यापाशी. अन् येताना वणीहून पांढरं कापड आण. सुती. बोटाले चिकटणार नाही असं पाहून आण." तो काहीतरी विचारत होता. "माह्यासाठी," रुखमाबाई म्हणाली अन् फोन ठेवला.

पुढं बाकीच्या गावांतही असंच एका जागी अंगठे घ्यायचं ठरलं, अन् इंदुताईनं आपल्या गावात देवळाच्या ओट्यावर बायांना बसवायचं कबूल केलं, फक्त अट घातली की निकितानं येताना रंगीत दुपट्टा घ्यावा, तिचा जीव घाबरतो. निकितानं हिरवा घेतला. कोळशाच्या धुळीनं कुर्ते रोज संध्याकाळी राखाडी होत, ती धुऊन टाके, अन् भाकरी होईस्तोवर ते वाळून जात. मे महिना असा गेला.

त्यातच आलेल्या बुद्ध पौर्णिमेला मात्र ती पेटीसमोर उभी राहिली. रोज पांढरं घालते, मग आज काय घालायचं? शेवटी ठेवलेली ती साडी नेसली, चांगल्या निऱ्या काढल्या, लेकरांना पांढरं घातलं अन् विहाराकडे निघाली. पायरीशी तीन म्हाताऱ्या तिची वाट पाहत बसल्या होत्या. तिघीही पांढऱ्यात, अन् तिघींच्याही हातात आधार कार्ड.