कोरडी बोटं

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चहाच्या एका जाहिरातीची चाचणी होती. बोटांना दोन वायरी चिकटवायच्या आणि जाहिरात बघायची. मन हललं की बोटांना बारीक घाम येतो आणि यंत्रावरची रेघ उसळते म्हणे. माझ्या शेजारी, आमच्याकडे भांडी घासणाऱ्या कमलमावशी बसल्या होत्या. जाहिरातीतली लेक माहेराहून निघाली आणि मावशींच्या डोळ्यांना धार लागली. त्यांची रेघ मात्र ढिम्म. यंत्रवाल्याने त्यांची बोटं पुसली, वायरी बदलल्या आणि त्यांच्या तोंडावरच म्हणाला, "यांना काही वाटतच नाहीये."

भांड्यांच्या पावडरीने खाल्लेली राठ बोटं ती, त्यांना घाम कुठून फुटणार? मन मोजायला निघालेल्या या माणसाला समोरचं रडणारं तोंड बघायचा कंटाळा! मला शिसारी आली, आणि त्याच क्षणी माझी रेघ टुणकन वर उडाली.

"वा मॅडम, तुम्हाला फारच भिडली हो जाहिरात!"

मावशींनी पदराने डोळे पुसले. हळूच म्हणाल्या, "ताई, माझं काय चुकलं?"

निघताना त्याने चहाचा पुडा फक्त मला दिला. आणि इतकी किळस येऊनही मी तो घेतला.