महापौरांचं धरणं

डब्लिनच्या गोदीत प्रत्येकाला टोपणनाव असायचं, आणि बार्टल कीओचं होतं 'महापौर'. नगरपालिकेशी त्याचा संबंध एवढाच, की शेरिफ स्ट्रीटवरच्या तिच्या चाळवजा इमारतीत तो भाड्याने राहायचा. नाव पडलं ते भाषणांमुळे. दोन माणसं आणि एक पालथं खोकं दिसलं की बार्टल बोलायला उभा राही. तो स्वतःच सांगायचा, "माझ्या भाषणाने आजवर एकच गोष्ट हलली. श्रोते."

गोदीचा पितळी बिल्ला त्याला बापाकडून मिळाला होता. बिल्लेवाल्याचं नाव सकाळच्या पुकाऱ्यात आधी यायचं. मुकादम लोखंडी दाराशी उंचावर चढायचा, समोर अर्धगोलात माणसं उभी राहायची आणि तो एकेक नाव घ्यायचा. नाव आलं तर बोटीवर, नाही आलं तर घरी. काम तोंडाने मागायचं नाही, हा नियम. मागितलं की माणूस संपला. नुसतं दिसेल असं उभं राहायचं, आणि चेहरा असा ठेवायचा की आपण सहज इथून चाललो होतो, गर्दी दिसली म्हणून थांबलो. शेवटचं नाव होईपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. बार्टल पावसात, तापात, एकदा तर हाताचं बोट मोडलेलं असताना असा उभा राहिला होता.

मग बोटींवर माल भरलेले भलेमोठे लोखंडी डबे, कंटेनर, आले. टोळीला आठवडा लागायचा ते काम एक यारी सकाळच्या चहाआधी उरकायला लागली. गोदी रिकामी झाली. गोदामांची छपरं पडली, आत सीगल पक्ष्यांनी संसार थाटले. बिल्ला खुंटीवर गेला आणि बार्टल दारूच्या गुत्त्यात. काही वर्षांनी सरकारला साक्षात्कार झाला की या ओसाड धक्क्यावर जगभरच्या बँका आणून बसवाव्यात. बघता बघता नदीकाठी हिरव्या काचांच्या इमारती उभ्या राहिल्या.

बार्टलला तर आयुष्यभराचा विषयच मिळाला. "त्या काचेच्या पेटाऱ्यात पाऊल टाकण्यापेक्षा मी अख्खी लिफी पिऊन टाकीन!" तो गुत्त्यात गरजायचा. लिफी ही आमची नदी, आणि तिचं तेव्हाचं पाणी पाहिलेल्या माणसाला या प्रतिज्ञेचं वजन लगेच कळायचं. टाळ्या पडायच्या. घरीही त्याने तेच भाषण केलं, तेव्हा त्याची बायको कॉन्सेप्टा म्हणाली, "नदीचं नंतर बघू. आधी तो चहा संपव, गार झालाय."

पंचाईत अशी, की त्याची एकुलती एक मुलगी जसिंटा त्याच पेटाऱ्यात निघाली होती. सकाळी दुसऱ्यांच्या कचेऱ्यांतल्या फरश्या पुसून संध्याकाळी ती कॉम्प्युटर शिकली. दोनदा नकार पचवला. तिसऱ्यांदा तिथल्या एका बँकेने तिला घेतलं, तिच्यासोबत शेरिफ स्ट्रीटच्या आणखी काही पोरींना. सोमवारी नऊच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला, अशी स्पष्ट ताकीद होती. बार्टल तिला म्हणाला, "तुझं तू बघ, मी एक शब्द बोलणार नाही." मग तासभर बोलला.

पण मनातून त्याला काम हवं होतं. भयंकर हवं होतं. त्यामुळे त्याचा जुना जोडीदार मॉसी टॅलन, ऊठसूट छातीवर क्रूस काढतो म्हणून सगळे ज्याला 'बिशप' म्हणत, बातमी घेऊन आला तेव्हा बार्टलचे कान टवकारले.

"जसिंटाच्या बँकेत हमाल आणि पहारेकरी घेणारेत, महापौर. आपल्याच वस्तीतले. अर्ज टाकायचा म्हणे."

"अर्ज? आपण काय परीक्षेला बसतोय? सोमवारी सकाळी दारासमोर उभं राहायचं. काम आहे तिथे मुकादम असणारच. आठला सगळं उरकेल, पोरीच्या आधी आपण पसार."

सोमवारी भल्या पहाटे तो इस्त्रीचा शर्ट घालून निघाला.

"कुठे?" कॉन्सेप्टाने अंथरुणातूनच विचारलं.

"चर्चमध्ये, मिस्साला."

"सोमवारी?"

"देव काय सोमवारी सुट्टीवर असतो?"

काचेच्या दारासमोर दहाबारा गोदीवाले अर्धगोलात उभे राहिले. हात खिशात, चेहरे बेफिकीर. आठ वाजले. कोणी आलं नाही. बँकवाले साडेआठनंतर उगवतात हे या शहाण्यांना माहीत नव्हतं, आणि नावं झाल्याशिवाय हलायचं कसं? मग टाय लावलेली मंडळी येऊ लागली. त्यांनी हे दृश्य पाहिलं आणि ती मागच्या दाराने आत शिरली. थोड्या वेळाने इमारतीचा व्यवस्थापक ट्रॅव्हर्स बाहेर आला, पोलिसाला शेजारी घेऊन.

"तुमच्या मागण्या काय आहेत?" त्याने विचारलं.

मागण्या! बार्टलला तो घाव वर्मी लागला. "आमची काही मागणी नाही," तो ताठ मानेने म्हणाला.

ट्रॅव्हर्सचा चेहरा पांढरा पडला. मागण्या असलेलं धरणं मिटवता येतं. मागणीच नसलेल्या धरण्याचं काय करायचं ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं. तो आत जाऊन फोनला चिकटला.

आणि समोरच्या फुटपाथवर जसिंटा येऊन थांबली. मावशीकडून मागून आणलेला कोट, नवे बूट, बरोबरीच्या पोरी, आणि लेकीला पोचवायला आलेली कॉन्सेप्टा. मागे निम्मी शेरिफ स्ट्रीट.

"मिस्सा संपली का?" कॉन्सेप्टाने विचारलं.

जसिंटा मात्र गंभीर होती. बापाला ती 'दा' म्हणायची. "दा, संप कसला आहे?"

"संप नाही ग. तू जा आत."

"मग उभे कशाला आहात?"

"हवा खायला."

"इतके जण? दारासमोर? इस्त्रीच्या शर्टात?" तिने हाताची घडी घातली. "मी संपाची रांग ओलांडणार नाही. बेकरीबाहेर संपवाले होते तेव्हा आठवडाभर आपल्या घरात पाव आला नव्हता. तूच येऊ दिला नाहीस. नोकरी गेली तर गेली."

बाकीच्या पोरीही तिच्याशेजारी खांबासारख्या उभ्या राहिल्या. नऊ वाजत आले होते. पोरीला बार्टलने दुसरं काही दिलं नव्हतं, हेच एक शिकवलं होतं, आणि ती मूर्ख मुलगी ते अक्षरशः पाळत होती.

"काम... मिळतंय का बघायला आलो," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोल की!" कॉन्सेप्टा ओरडली. "इतकी वर्षं घसा उगाच साफ केलास?"

"कामासाठी आलोय!" महापौर गरजले. "हे धरणं नाही! आम्ही पुकाऱ्याला उभे आहोत! या काचवाल्यांनी आमची नावं घ्यावीत म्हणून!"

मग मागून कुणीतरी गोड आवाजात विचारलं, "आणि लिफी कधी पिणार, महापौर?"

हशा उसळला. बार्टलही हसला, कान लालभडक झालेले असताना माणूस हसतो तसा. जसिंटा हसली नाही. ती रस्ता ओलांडून त्याच्यासमोर आली.

"दा, इथे पुकारा होत नाही. कोणी बाहेर येऊन नाव घेणार नाही."

"आत्ता कळलं मला."

"तरी तुमच्यामधून मी जाणार नाही. तुम्ही आधी निघा."

बार्टलने दाराकडे पाहिलं. काचेपलीकडे ट्रॅव्हर्स फोन धरून उभा होता. बार्टल पुढे कबूल करायचा, की तेव्हासुद्धा त्याला वाटलं, हा माणूस आता दार उघडेल आणि म्हणेल, कीओ, बार्टल. इतका तो गाढव होता. ट्रॅव्हर्सने पाठ फिरवली.

बार्टलने टोपी चढवली आणि वळला.

"अजून नावं व्हायचीत, महापौर," बिशप कुजबुजला.

"झाली रे सगळी. चल."

ते निघाले, एकामागून एक, धक्क्याच्या कडेने. मागे पोरींच्या बुटांचा आवाज दगडांवरून पळत गेला आणि दार बंद झालं. बार्टलने वळून पाहिलं नाही. कॉन्सेप्टा मागून आली, तिने त्याच्या दंडात हात घातला. भर रस्त्यात असं तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं.

"पोचली ती वेळेवर," ती म्हणाली.

बार्टलच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि ती पुसायची त्याला लाजही वाटत नव्हती.

"आत गेल्यावर कोणी तिचं नाव घेऊन हाक मारली असेल का ग?" त्याने विचारलं.

"मारली असेल," कॉन्सेप्टा म्हणाली.